एका वेळी एक भाग

मुलीचा निरोप आला तेव्हा तो दात घासत होता. फोन बेसिनच्या कडेवर ठेवलेला होता, त्याची काच उजळली, आणि तोंडात फेस असतानाच त्याने मान तिरकी करून वाचलं. "बाबा, आई आज दुपारी पोचतेय. किल्ली तिच्याकडे आहे. किती दिवस राहणार ते तिलाच विचार. नर्सिंग स्कूलवाले तिला रिटायर झाल्यावरही अजून दोन वर्षं थांबा म्हणतायत, सोमवारी उत्तर द्यायचंय. तुला काय वाटतं ते तूच तिला सांग." आणि त्याखाली एक ओळ सोडून, "मी आता मधे नाही." एरवी मुलगी प्रत्येक निरोपाच्या शेपटाला एखादा चेहरा नाहीतर फूल चिकटवायची. आज तसलं काही नव्हतं. त्याने चूळ भरली, तोंड पुसलं आणि निरोप पुन्हा वाचला. रागाने लिहिलेला वाटत नव्हता. परदेशातल्या कुठल्यातरी स्वयंपाकघरात, तिच्याकडची रात्र सुरू होण्याआधी, शांतपणे बसून लिहिलेला असावा. त्याने उत्तर टाइप करायला घेतलं: "आईला विचार, घ्यायला स्टेशनवर येऊ का," आणि 'विचार' या शब्दावर त्याचा अंगठा थांबला. अक्षरं एकेक करून खोडली. मग बायकोचा नंबर उघडला. तिथे शेवटचे दोन निरोप होते. तिचा, "पोचले." त्याचा, "बरं." त्यावर तारीख होती ती उन्हाळ्यातली.

चहा गाळताना त्याच्या लक्षात आलं की आपण एकच कप घेतलाय, आणि हे नेहमीचंच आहे, पण आज ते दिसलं. घर तीन खोल्यांचं होतं. मुलगी शाळेत असताना कर्ज काढून घेतलेलं. त्यातली मुलीची खोली बंद असायची, हॉलमध्ये इस्त्रीचे कपडे पडायचे, आणि तो निजायच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बाहेर असा एका सरळ रेषेत राहायचा. बायकोची बदली दुसऱ्या शहरात झाली त्याला अठरा वर्षं होत आली होती. आधी दोन वर्षांसाठी म्हणून, मग ती तिथल्या नर्सिंग स्कूलची मेट्रन झाली, मग मुलीचं कॉलेज तिकडेच बरं पडेल असं ठरलं, मग ते संपलं तरी कुणी काही बदललं नाही. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर निदान ते मिटवायला दोघांना एका खोलीत बसावं लागलं असतं. सुट्ट्यांना ती यायची, म्हणजे मुलगी यायची आणि तिच्याबरोबर ती यायची. मुलगी लग्न होऊन गेल्यावर सुट्ट्याही आटल्या. त्याने कप धुतला, उपडा घातला, आणि जाताना हॉलमधले इस्त्रीचे कपडे उचलून कपाटात कोंबले. दाराशी गेल्यावर परत आला आणि मुलीच्या खोलीची खिडकी उघडून ठेवली. ती कुणासाठी उघडली हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

शनिवार होता, ऑफिस अर्धा दिवस. औषधं वाटणाऱ्या कंपनीचं ऑफिस: वर टेबलं, खाली गोदाम, मागच्या बाजूला गाड्या. दुकानांच्या मागण्या यायच्या, त्याप्रमाणे खोकी भरायची, खोक्यावर लेबल लागायचं, गाडी निघायची, आणि जे दुकानदाराने घेतलं नाही ते दुसऱ्या दिवशी परत यायचं. एवढंच. हे सगळं ज्या प्रोग्रामवर चालायचं तो त्याने तिशीच्या आत असताना लिहिला होता आणि तेव्हापासून तो चालत आला होता. मशीन तीनदा बदललं, प्रत्येक वेळी प्रोग्राम जुनं सामान नव्या घरात न्यावं तसा उचलून आत ठेवला. आता चौथ्यांदा मशीन बदलत होतं, आणि या खेपेस सामान नुसतं ठेवायचं नव्हतं, उघडून बघायचं होतं. त्यासाठी एक मॅडम आल्या होत्या. चाळिशीच्या, भराभर चालणाऱ्या, प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत पेनाचं टोपण दाताखाली धरणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याचा प्रोग्राम वाचून काढला होता आणि विचारलं होतं, "काका, याचे चौदा तुकडे का केलेत?"

त्याने सांगितलं होतं, आत मावत नव्हता म्हणून. तेव्हाच्या मशीनच्या मेमरीत चौसष्ट हजार अक्षरं मावायची, त्यातली निम्मी मशीन स्वतःलाच ठेवून घ्यायचं. उरलेल्या निम्म्यात मागण्या, साठा, गाड्या, लेबलं, परत आलेला माल असं सगळं काम करणारा प्रोग्राम बसवायचा. बसत नव्हता. म्हणून त्याचे भाग करायचे आणि ते डिस्कवर ठेवायचे. एक छोटा मूळ भाग कायम मेमरीत राहणार. बाकीच्यांना मिळून एकच जागा. मागणी घ्यायची झाली की मूळ भाग मागणीच्या भागाला आत बोलावणार; मग साठा बघायचा झाला की साठ्याचा भाग येऊन नेमका त्याच जागेवर बसणार आणि मागणीचा भाग पुसला जाणार. ओव्हरले म्हणायचे त्याला. खरं कसब प्रोग्राम लिहिण्यात नव्हतं, ते कुणाला कुणाच्या जागेवर बसवायचं हे ठरवण्यात होतं. कुठले दोन भाग एकाच वेळी कधीही लागणार नाहीत, हे ओळखायचं. त्यात तो हुशार समजला जायचा. इतर लोक महिनाभर आकडेमोड करायचे तिथे तो खुर्चीत मागे रेलून म्हणायचा, या दोघांना एकमेकांची गरज पडत नाही, द्या एका जागेवर. आणि ते बरोबर निघायचं.

ऑफिसकडे चालताना आज हे सगळं त्याच्या डोक्यात आलं आणि त्यामागोमाग चष्म्याच्या दुकानावरची खोली. ती खोली त्याच्या रस्त्यावर नव्हती, शहराच्या त्या भागात तो वर्षानुवर्षं गेला नव्हता, पण 'एका जागेवर' म्हटलं की ती यायचीच. लग्न झाल्यावर भाड्याने मिळालेली ती पहिली जागा. एक खोली, एक खाट, दारामागे एक खिळा. बायको हॉस्पिटलात रात्रपाळीला होती, कारण रात्रपाळीला भत्ता होता आणि नवीन मुलींना तीच मिळायची. सकाळी ती यायची, आणि तो निघायचा. खिळ्यावरून त्याचा शर्ट निघायचा आणि तिचा पांढरा गणवेश लागायचा. तो नुकताच उठलेला असायचा त्या खाटेवर ती आडवी व्हायची; गादी अजून गरम असायची, आणि हिवाळ्यात ते बरं वाटतं असं ती एकदा म्हणाली होती. संध्याकाळी तो यायचा तेव्हा ती वेणी घालून पिशवी घेऊन तयार असायची. दोघांच्या मधे सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, त्यात चहा, आंघोळ, भाजीचं काय, आणि मग दार. मुलगी झाल्यावर ती दोघांच्या मधे हातातून हातात जायला लागली. अडचण होती असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. उलट खोलीवर येणाऱ्या मित्रांना तो कौतुकाने सांगायचा, आमची जागा लहान नाहीये रे, आम्ही ती दुमडून वापरतो. स्वयंपाकाच्या ओट्यावर एक पाटी ठेवलेली असायची आणि खडूचा तुकडा. "रॉकेल आणा." "पोरीला खोकला, सरबत नको." "उद्या मला डबा नको." पाटी लहान, त्यामुळे अक्षरं तेवढीच. लिहिलेलं वाचलं की दुसऱ्याने पुसून आपलं लिहायचं.

मग मुलगी बोलायला लागली आणि पाटी मागे पडली. "बाबांना सांग, गॅस संपत आलाय." "आईला सांग, चष्मा सापडला." मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत घरातले सगळे निरोप तिच्याकडून जायला लागले होते, आणि ती ते इमानाने पोचवायची, कधी कधी दोघंही खोलीत असताना. आई म्हणाली की मीठ कमी आहे का विचार. बाबा म्हणाले की ठीक आहे म्हणून सांग. पाहुणे हसायचे. ओव्हरलेतही हाच नियम होता, हे त्याला तेव्हा सुचलं नव्हतं. आज रस्ता ओलांडताना सुचलं आणि तो दुभाजकावर क्षणभर उभाच राहिला. एकाच जागेवर बसणाऱ्या दोन भागांनी एकमेकांना थेट हाक मारायची नाही. जे काय असेल ते मूळ भागामार्फत. सुरुवातीला त्याने एकदा ही चूक केली होती. मागणीच्या भागातून सरळ साठ्याच्या भागाला हाक मारली. साठ्याचा भाग आला, मागणीच्या जागेवर बसला, आपलं काम चोख करून परत फिरला, पण परत जायचं तिथे आता तो स्वतःच बसलेला. हाक मारणारा शिल्लकच नव्हता. पडदाभर वेडीवाकडी चिन्हं उमटली, मशीन गोठलं, आणि टेप बदलणारा ऑपरेटर, ज्याला सगळे टेपराव म्हणायचे, ओरडला होता, "अरे, याला काय विचारलंस तू? गार पडलं की बिचारं!"

टेपराव अजून होता. टेपा गेल्या, तो गोदामाच्या कामाला लागला, नाव तेच राहिलं. आज सकाळी तो गोदामातून लेबलांची एक लांबच लांब पट्टी गळ्यात मफलरसारखी घालून वर आला तेव्हा सगळं ऑफिस हसत होतं. नव्या मशीनवर आज पहिल्यांदा पूर्ण दिवसाचं काम चाचणीला लावलं होतं. "काय रे बाबा," टेपराव त्याच्यासमोर उभा राहिला, "शहरातली सगळी औषधांची दुकानं बंद केलीस? आता मला काही झालं तर जायचं कुणाकडे?" त्याने पट्टी हातात घेतली. प्रत्येक लेबलावर दुकानाचं नाव बरोबर, पत्ता बरोबर, खोक्यांची संख्या बरोबर, आणि खाली शेऱ्याच्या जागी "दुकान बंद". एकाखाली एक, शंभरेक दुकानं, सगळी बंद. मॅडम मागून आल्या. "टेपराव, चाचणी होईपर्यंत नुसते आजारी पडा. पुढचं काही करू नका," त्या म्हणाल्या आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "काका, हे कुठून आलं?"

त्याला कळायला वेळ लागला नाही, पण त्याने लगेच सांगितलं नाही. पट्टी टेबलावर पसरून तो ती उगाच शेवटपर्यंत बघत बसला. नव्या मशीनवर मेमरीचा तुटवडा नव्हता. चौदाच्या चौदा भाग एकदम आत बसले होते, मॅडमनीच मागच्या आठवड्यात ते जोडले होते आणि आनंदाने सांगितलं होतं, "काका, आता कुणाला बाहेर काढायची गरज नाही. राहू देत सगळे आत, हातपाय पसरून." त्या वेळी त्यालाही बरं वाटलं होतं, आणि घरी गेल्यावर कसलीतरी धास्ती वाटली होती. ती धास्ती आता टेबलावर पसरली होती. लेबलाच्या भागात शेरा लिहायला एक छोटी जागा होती. माल परत आला की तिथे कारण लिहिलं जायचं. नव्या मागणीला शेरा नसतो, म्हणून तो भाग तिथे काहीच लिहायचा नाही. जागा कोरी असणार हे त्याने धरून चाललं होतं. आणि ती असायचीच. परत आलेल्या मालाचं काम आणि नव्या मागण्यांचं काम यांच्या मधे साठ्याचा भाग येऊन लेबलाच्या भागाला पुसून टाकायचा. पुढच्या वेळी लेबलाचा भाग डिस्कवरून नव्याने यायचा, जसा लिहिला तसा, आधीचं काहीही अंगाला न लागलेला. आता तो बाहेर जातच नव्हता. चाचणीतल्या दिवसाच्या सुरुवातीलाच कुठल्यातरी एका दुकानाचं शटर खाली होतं, ते लेबलाच्या भागाने दिवसभर लक्षात ठेवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला चिकटवलं.

"मग ती जागा आधी पुसून का नाही घ्यायची?" मॅडमनी विचारलं. सरळ प्रश्न होता. "पुसायला सूचना लिहाव्या लागतात," तो म्हणाला. "सूचनांना जागा लागते. आणि कारणच नव्हतं. बाहेर जाऊन आला की कोराच यायचा." मॅडमनी टोपण चावलं. "म्हणजे इतकी वर्षं हा विसरायचा म्हणून बरोबर चालत होता." त्याला ते वाक्य आवडलं नाही. खोटं नव्हतं, पण कुणीतरी आपल्या घरात येऊन भिंतीवरचा ओलावा दाखवावा तसं वाटलं. "काही नाही," मॅडम म्हणाल्या, "सोपं आहे. चौदा भागांच्या दारात एकेक ओळ टाका. आत शिरताना आधीचं सगळं साफ." तो म्हणाला, "सगळं साफ करून चालणार नाही." "का?" "काहींना आधीचं लागेल. गाडीचा भाग आहे, त्याला गाडी किती भरली ते माहीत असायला हवं. आधी ते तो दर वेळी मूळ भागाला विचारायचा. आता..." तो थांबला. "बघावं लागेल. काय ठेवायचं आणि काय पुसायचं, एकेकाचं बघावं लागेल. मी हे कधी बघितलेलं नाही." मॅडमनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं वाटतंय ना, काका?" "हो." "मग सोमवारी करा. घरी जा. शनिवार आहे, घरी कुणी वाट बघत असेल." त्यांनी ते सहज म्हटलं. त्याच्या घरी कुणी वाट बघत नसतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि आज कदाचित असेल हेही.

साडेबाराला सगळे गेले. तो बसून राहिला. लेबलाच्या भागाचा मजकूर त्याने उघडला होता पण वाचत नव्हता. त्याच्या डोक्यात एक सकाळ होती. मुलगी सहा-सात महिन्यांची असेल. त्या सकाळी बायको वेळेवर आली नाही. मालकासमोर प्रोग्राम पहिल्यांदा चालवून दाखवायचा दिवस होता. तो कपडे करून, पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभा होता. मग कठड्यापाशी आला आणि खाली वाकून रस्त्याकडे बघत राहिला. पोरगी रडायला लागली. शेवटी त्याने तिला खाली चष्मेवाल्याच्या बायकोकडे दिलं आणि धावत सुटला. पोचला तेव्हा टेपरावने प्रोग्राम चालवून दाखवलेलाही होता, मालक निघून गेले होते, आणि तो कुणी केला हे मालकांना पुढे दोन वर्षं नीट माहीत नव्हतं. दिवसभर तो आतल्या आत जळत होता. काय काय बोलायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं. संध्याकाळी दार उघडलं तर ती पिशवी खांद्याला लावून तयार. "झोपलीय ती," म्हणाली आणि गेली. पाटीवर लिहिलं होतं, "दूध संपलंय." त्याने पाटी पुसली, दूध आणलं. दुसऱ्या सकाळी ती वेळेवर आली, आणि बोलायचं ठरवलेलं काही उरलं नव्हतं. रागही नव्हता. तेव्हा त्याला हे आपल्या स्वभावातलं चांगलं वाटलं होतं. लोक म्हणायचे, तुम्ही दोघं कधी भांडत नाही. आता रिकाम्या ऑफिसात, पंखा बंद केल्यावर, तो राग जसाच्या तसा होता, फक्त त्याची धार गेली होती आणि आत एक प्रश्न उरला होता. ती त्या सकाळी कुठे होती? अख्ख्या आयुष्यात त्याने हे विचारलं नव्हतं. मुलीकरवी विचारण्यासारखं ते नव्हतंच.

घराच्या दाराशी तो किल्ली हातात धरून थांबला. आत कुणी असताना स्वतःच्या दाराला किल्ली लावायची की बेल दाबायची, ते त्याला ठरवता येईना. बेल दाबली. आतून चपलांचा आवाज आला, मग कडी. "किल्ली हरवली?" बायकोने विचारलं. केस पूर्ण पांढरे झाले होते, कापून मानेपर्यंत आणले होते. "नाही. तू आहेस म्हणून." "मी आहे म्हणून बेल? पाहुणे कोण मग, मी का तुम्ही?" ती बाजूला झाली. हॉलमध्ये तिची बॅग उभी होती, चेन न उघडलेली. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि कोंबलेल्या कपड्यांची एक बाही बाहेर आली होती. "हे असे कपडे ठेवतात? इस्त्रीवाला बघेल तर रडेल," ती म्हणाली. तिने ते काढले नाहीत, नुसती बाही आत ढकलली. स्वयंपाकघरात दुपारचं ऊन ओट्यापर्यंत आलं होतं. या वेळी ते तिथे येतं हे त्याला नवीन होतं. तिने दोघांचा भात लावला होता. जेवताना ती म्हणाली, "गाडीत झोप लागली नाही. जरा पडेन म्हणते. तुम्ही कुठल्या बाजूला झोपता?" त्याने विचार केला. "मधे," तो म्हणाला. ती हसली, घास अडकेल इतकी. "मीसुद्धा मधेच. म्हणजे झालं कल्याण."

जेवण झालं. भांडी गोळा करायला दोघं एकदमच उठले, एकमेकांना वाट देताना एकदमच बाजूला झाले, आणि परत समोरासमोर आले. "काय अडथळे आहेत हे," ती पुटपुटली. तिने पाणी पिऊन पेला ठेवला. "पोरगी काही म्हणाली का तुम्हाला?" "म्हणाली." "काय?" "मी आता मधे नाही म्हणाली." "मलाही तेच. शब्दसुद्धा बदलला नाही कार्टीने." ती खुर्चीवर बसली. तोही बसला. फ्रिज सुरू झाला, बंद झाला. सोमवारचं विचारायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं ते वेगळंच होतं. "चष्म्याच्या दुकानावर राहायचो," तो म्हणाला, "तेव्हा एक दिवस तू सकाळी आलीच नाहीस. पोरगी लहान होती. मी खाली दिली तिला. तू कुठे होतीस?"

आता ती म्हणेल, कुठला दिवस, काय हे आज मधेच; अशी त्याची तयारी होती. पण ती तसं म्हणाली नाही. तिने टेबलावरचा भाताचा एक दाणा बोटाने उचलून ताटाच्या कडेला ठेवला. "जिन्यात," ती म्हणाली. "कुठल्या जिन्यात?" "आपल्याच. गच्चीकडे जायचा ना, वरचा. तुम्ही कठड्यावरून वाकून खाली रस्त्याकडे बघत होता. मला तुमची पाठ दिसत होती आणि पोरीचं तोंड. तिने मला बघितलं. म्हणून तर रडायला लागली." त्या सकाळचा कठडा, रस्ता, घड्याळ हे सगळं त्याच्याकडे होतं. मागे वळून वर बघितल्याचं त्यात कुठेच नव्हतं. "पहाटे वॉर्डात एक मुलगी गेली," ती म्हणाली. "आपल्या पोरीएवढी. माझ्या हातात. तिच्या आईला मीच सांगितलं. तशीच निघाले, तशीच जिना चढले, आणि दार दिसल्यावर मला पुढे होईना. तुम्ही दारातच पोरीला माझ्या हातात द्याल, रोजच्यासारखी, आणि मला ती घ्यावी लागेल, त्याच हातात. म्हणून वर जाऊन बसले. म्हटलं, हे जाऊ देत, मग जाते. तुम्ही जाईनात. पोरगी रडतेय, तुम्ही घड्याळ बघताय. मला वाटलं, आता वर बघतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार? संध्याकाळी तुम्ही आलात, मी निघाले. आणि पाटीवर काय लिहू?" ती म्हणाली. यात तक्रार नव्हती, खरोखरच विचारल्यासारखं होतं. "नंतर वाटलं, तुम्ही विचाराल. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, चहात साखर टाकलीय. मी म्हटलं, बरं. यांच्या मनातून गेलं. मग मीही टाकलं मनातून. पण जात नाही. तिकडे स्कूलमध्ये दर वर्षी नवीन मुली येतात, त्यांना पहिला मृत्यू कसा सांभाळायचा ते मीच शिकवते. शिकवताना दर वेळी तुमची पाठ दिसते मला."

तो खिडकीकडे बघत होता. ऊन ओट्यावरून सरकून गॅसच्या बटणांवर गेलं होतं. त्याला वाटलं, आपण काहीतरी पुसायला हवं, काहीतरी म्हणायला हवं ज्याने ती सकाळ मिटेल, आणि त्याच वेळी पक्कं कळलं की ही मिटवायची नाही, ही ठेवायची. तिच्याकडचा जिना आणि त्याच्याकडचा कठडा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, एकाच सकाळी एका घरात होते, आणि पोरीसकट तिघंही जण तिथेच होते. "वर बघायला हवं होतं," तो म्हणाला. "हो," ती म्हणाली. "मलाही हाक मारायला हवी होती. सहा पायऱ्या तर होत्या."

ती उठली, तिने ताटं सिंकमध्ये ठेवली आणि नळ न सोडताच परत येऊन बसली. "तिकडे माझी खोली चांगली आहे," ती म्हणाली. "खिडकीत बसलं की खालच्या मुली दिसतात. संध्याकाळी कुणीतरी येतंच दार वाजवत, मॅडम हे, मॅडम ते. इथे काय आहे मला? तुम्ही दिवसभर ऑफिसात. आणि ऑफिसात नसाल तेव्हा?" तिने वाक्य सोडून दिलं. कुठले दोन भाग कधीही एकत्र लागणार नाहीत हे ओळखण्यात त्याचं सगळं कसब गेलं होतं. लागतील का, हे त्याने कधी मोजलेलं नव्हतं, आणि मोजायला बसला असता तर सोमवार उलटून गेला असता. त्याचे हात टेबलावर होते. ते त्याने मांडीवर घेतले, मग परत वर ठेवले.

"त्यांना नाही म्हणून कळव," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "असं एकदम?"

"एकदम."

"आणि कारण?"

"कारण सापडत नाहीये. पण नाही म्हण. इथे राहा."

"राहून काय करायचं?"

"माहीत नाही. मला तुझ्याबरोबर राहता येतं की नाही तेही माहीत नाही. कधी राहिलोय कुठे?"

मग तिने चष्मा काढला, डोळे चोळले, आणि चष्म्याशिवायचा तिचा चेहरा त्याला एकदम ओळखीचा आणि एकदम परका वाटला. "उद्या परत विचारा," ती म्हणाली. "आज मी प्रवासातून आलेय, आज कशालाही हो म्हणेन."

"उद्या केव्हा विचारू? सकाळी की संध्याकाळी?"

"केव्हाही," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मी घरातच आहे."